कसाव्याच्या परागकोशापासून रोप: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

कसाव्याच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात त्या पिकाच्या) परागकोशावर कॅलस, म्हणजे पेशींचा बेढब गोळा, दिसला की नव्या माणसाला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. तिथेच सावध व्हायचं. परागकोशाची भिंत आणि पुंकेसराचा तंतू या मातृझाडाच्या साध्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) ऊती आहेत. संप्रेरक मिळालं की त्याही फुगतात, कॅलस देतात आणि पुढे भ्रूण व रोपसुद्धा देतात. असं रोप म्हणजे मूळ झाडाचीच नक्कल. नक्कलच हवी असेल तर एवढा खटाटोप कशाला? पेराचा तुकडा लावला तरी ती मिळते. म्हणून खालची जवळजवळ प्रत्येक पायरी एकाच प्रश्नाभोवती फिरते: समोर वाढतंय ते लघुबीजाणूतून, म्हणजे परागकण होऊ घातलेल्या पेशीतून आलंय, हे पुराव्यानिशी दाखवता येईल का?

## १. नेमकं काय हवंय ते आधी ठरवा

कसाव्याच्या पेशीत ३६ गुणसूत्रं असतात आणि लघुबीजाणूत त्याची निम्मी, १८. पिढ्यान्‌पिढ्या खोडाच्या तुकड्यांपासून लागवड होत आल्यामुळे झाडातल्या जनुकांच्या जोड्या बहुतेक ठिकाणी विषम, म्हणजे दोन वेगळ्या रूपांच्या, राहिल्या आहेत. त्यामुळे अप्रभावी गुण झाकलेले राहतात. अमायलोज नसलेल्या स्टार्चचा गुण असाच लपलेला होता. स्वपरागणाने जोड्या सम करत गेल्यावर तो उघड झाला आणि २००७ साली त्याचा शोध प्रसिद्ध झाला. पण स्वपरागणाची वाट लांब आहे. एका पिढीला वर्षभर किंवा त्याहून जास्त जातं आणि दर पिढीला झाडं अशक्त होत जातात. कसाव्याचा जनुकसंच वाचण्यासाठी निवडलेला एएम५६०-२ हा वाणसुद्धा तीनदाच स्वपरागण झालेला होता, पूर्ण शुद्ध नव्हे.

एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेलं) रोप मिळवून त्याची गुणसूत्रं दुप्पट केली, तर सगळ्या जोड्या एका झटक्यात सम होतात. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशातून एकगुणित भ्रूण मिळवले, तेव्हापासून हा रस्ता खुला आहे. भात, बार्ली आणि मोहरीवर्गीय पिकांत तो रोजच्या वापरात आला. कसाव्यात मात्र तितकी खात्रीची पद्धत अजून रुळलेली नाही. म्हणून खालचे आकडे सुरुवातीचा बिंदू समजा. तुमच्या वाणासाठी ते तुम्हालाच घासूनपुसून घ्यावे लागतील.

रोगमुक्त रोपं हवी असतील तर शेंड्याच्या विभाजी ऊतीचं संवर्धन करा. नुसती भरपूर रोपं हवी असतील तर एकेका डोळ्याचे पेर लावा. परागकोशाकडे फक्त एकगुणित रोपासाठी वळा.

## २. सामान जमवा

प्रयोगशाळेत हे लागेलच:

- लॅमिनार फ्लो, ऑटोक्लेव्ह, पीएच मीटर, मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू
- विच्छेदनासाठी स्टिरिओ सूक्ष्मदर्शक
- साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक. जमल्यास प्रतिदीप्तीची सोय असलेला, केंद्रक उजळून दाखवणाऱ्या डॅपी रंजकासाठी
- बारीक टोकाचे चिमटे (किमान दोन जोड्या), विच्छेदनाच्या सुया
- अ‍ॅसिटोकार्माइन, इथेनॉल, सोडियम हायपोक्लोराइट, ट्वीन-२०
- एमएस आणि एन६ या ऊतिसंवर्धनाच्या तयार पोषक माध्यमांचे क्षार, सुक्रोज, अगार किंवा जेलन गम
- संप्रेरकं: २,४-डी, पिक्लोरॅम, एनएए (ही तिन्ही ऑक्सिन गटातली) आणि बीएपी
- अंधारं इनक्युबेटर, पेट्री डिश, पॅराफिल्म
- पुसून न जाणारं मार्कर आणि एक जाड वही

यादीतली शेवटची ओळ सहज म्हणून लिहिलेली नाही. प्रत्येक परागकोश कोणत्या झाडाच्या, कोणत्या कळीतला, कोणत्या दिवशी कोणत्या माध्यमावर ठेवला, ही नोंद नसेल तर सहा महिन्यांनी हाती आलेल्या रोपाचा काहीच अर्थ लावता येत नाही.

फ्लो सायटोमीटर (पेशीतल्या डीएनएचं प्रमाण मोजणारं यंत्र) आणि डीएनए मार्करची सोय स्वतःकडे नसेल तर ती करून देणारी प्रयोगशाळा आधीच शोधून ठेवा. रोपं तयार झाल्यावर शोधायला निघालात, तर तोवर ती बाटलीत म्हातारी होतात.

## ३. मातृझाड निवडा आणि फुलवा

कसाव्याला फुलोरा खोडाच्या शेंड्यावर येतो आणि त्याच जागी खोडाला फांद्या फुटतात. त्यामुळे उंच, सरळ, फांद्या न फुटणारे वाण फार उशिरा फुलतात किंवा फुलतच नाहीत. पहिली निवड इथेच होते: लवकर आणि वारंवार फांद्या फोडणारं झाड घ्या.

दिवस मोठा आणि हवा जराशी थंड असली की फुलोरा लवकर येतो. रात्री लाल प्रकाश देऊन दिवस लांबवणं, फुलोऱ्याखालच्या कोवळ्या फांद्या खुडणं, सिल्व्हर थायोसल्फेट फवारणं हे उपाय पैदासकार वापरतात. त्यांच्याच कृतीत बऱ्याचदा बेन्झिलअ‍ॅडेनीनही (यादीतलं बीएपी) असतं. ते तुम्ही घेऊ नका. त्याने फुलोऱ्यातली नरफुलं मादीफुलांकडे झुकतात. बी धरायचं असेल त्याला ते सोयीचं. आपल्याला परागकोश हवेत.

एका फुलोऱ्यात मादीफुलं बुडाशी असतात आणि आधी उमलतात. नरफुलं वरच्या भागात, संख्येने कितीतरी जास्त, आणि एक-दोन आठवडे मागून येतात. मादीफुलं दिसू लागली की रोज फेरी मारायला लागा.

काही वाण नरवंध्य असतात. त्यांचे परागकोश सुकलेले, आक्रसलेले निघतात. म्हणून मोठं काम हाती घेण्याआधी उमललेल्या दोन-चार नरफुलांचे पराग अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये बघून घ्या. गोल, भरलेले आणि नीट रंग घेणारे दिसले तर पुढे जा. मोझॅक या विषाणूरोगाची लक्षणं असलेलं झाड घेऊ नका. झाडाला पाण्याचा ताण पडला असेल, नुकतीच कीटकनाशकाची फवारणी झाली असेल, तर त्या आठवड्यातल्या कळ्या सोडून द्या.

## ४. योग्य वयाची कळी ओळखा

माझ्या मते संपूर्ण कामाचं यश या पायरीवर सगळ्यात जास्त अवलंबून आहे, आणि नवखे लोक नेमकी हीच घाईने उरकतात.

आपल्याला हवा तो लघुबीजाणूचा एककेंद्रकी टप्पा, त्यातही मधला ते शेवटचा. सूक्ष्मदर्शकाखाली क्रम असा दिसतो:

- चौकडी: चार पेशी एकाच वेष्टनात. फार लवकर.
- एककेंद्रकी, सुरुवातीचा: पेशी सुट्या झालेल्या, केंद्रक मध्यावर.
- एककेंद्रकी, मधला ते शेवटचा: मोठी रिक्तिका (पेशीतली द्रवाने भरलेली पोकळी) तयार झालेली आणि केंद्रक कडेला ढकललेलं. हाच हवा.
- द्विकेंद्रकी: पहिलं विभाजन होऊन गेलेलं. पुढे स्टार्च भरू लागतो आणि पेशी गडद दिसते. उशीर झाला.

स्टार्च भरू लागलेल्या पेशीने पराग होण्याचा रस्ता पक्का धरलेला असतो. तिला भ्रूणाकडे वळवण्याचा प्रयत्न करत बसू नका.

कळीच्या आकारावरून टप्पा ओळखता येतो, पण तो तक्ता तुमच्या वाणाचा, तुमच्या हवेतला हवा. दुसऱ्याच्या लेखातले मिलिमीटर जसेच्या तसे उचलू नका. वेगवेगळ्या आकाराच्या कळ्या घ्या, प्रत्येकीचा व्यास मोजा, एक परागकोश काचपट्टीवर ठेचून बघा आणि वहीत लिहा. आठवडाभर हे केलंत की नजर बसते. ऋतू बदलला की तक्ता पुन्हा तपासा.

कसाव्याची एक खोडही लक्षात ठेवा. नरफुलात दहा पुंकेसर असतात, पाच लांब आणि पाच आखूड. दोन्ही वर्तुळं एकाच टप्प्यावर असतील असं गृहीत धरू नका. नमुना बघताना एक परागकोश लांब पुंकेसराचा आणि एक आखूड पुंकेसराचा घ्या.

कसाव्याचे लघुबीजाणू चांगले मोठे असतात, ही सोय. पण बाह्य कवच जाड असल्याने केंद्रक अ‍ॅसिटोकार्माइनमध्ये पुसट दिसतं. डॅपी आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक मिळाला तर शंका उरत नाही.

## ५. ताण द्या

लघुबीजाणूला परागकण होण्यापासून ढळवायला धक्का लागतो. थंडीचा ताण द्यायचा तर कळ्या ओलसर गाळणकागदावर पेट्री डिशमध्ये ठेवून, पॅराफिल्मने बंद करून, अंधारात ४ ते १० अंश सेल्सिअसला काही दिवस ठेवतात. उष्णतेचा ताण द्यायचा तर डिश काही तास ते एखादा दिवस ३५ ते ४० अंशांना ठेवून मग नेहमीच्या तापमानाला आणतात.

कसावा उष्ण प्रदेशातलं पीक आहे, त्याला थंडी लवकर बाधते. म्हणून ताणाचे दोन-तीन कालावधी शेजारी शेजारी ठेवून बघा आणि ताण न दिलेला एक गट नेहमी ठेवा. ताण संपल्यावर काही लघुबीजाणू रंगवून जिवंत आहेत का तेही पाहा. सगळे आक्रसले असतील तर पुढचे दोन महिने वाचतील.

## ६. निर्जंतुक करा

कळी मिटलेली असते तोवर आतला परागकोश साधारण स्वच्छच असतो. धुवायचं असतं ते बाहेरचं. लॅमिनार फ्लोमध्ये ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा ते एक मिनिट, मग ट्वीन-२० चा थेंब घातलेल्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (१ ते २ टक्के क्रियाशील क्लोरीन) दहा ते पंधरा मिनिटं, आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा धुणं. किंचित उघडलेली कळी फेकून द्या.

इथे अडचण चिकाची. देठ तुटला की पांढरा चीक येतो, कळ्या एकमेकींना चिकटतात, घडीत जंतू अडकून राहतात आणि पुढे ऊतही काळी पडते. कळी देठासह तोडा, लगेच पाण्यात टाका आणि चीक थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात थोडं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घातलं तर काळवंडणं कमी होतं.

## ७. परागकोश सोडवा

स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली परिदलं (फुलाची बाहेरची पाकळ्यांसारखी दलं) बाजूला करा आणि परागकोश तंतूपासून वेगळा करा. तंतूचा तुकडा राहू देऊ नका. परागकोश दाबला गेला, चिरला, सुईचं टोक लागलं तर तो बाद. जखमेपाशी भिंतीचा कॅलस हमखास येतो. हात बसेपर्यंत बरेच वाया जातील. टाकून द्यायला कचरू नका.

एका कळीचे परागकोश एकाच डिशमध्ये एकत्र ठेवा, दोन कळ्यांची सरमिसळ करू नका. त्याच कळीतला लांब पुंकेसराचा एक आणि आखूड पुंकेसराचा एक परागकोश टप्पा तपासायला खर्च करा. उरलेल्या आठांचं वय त्यावरून कळतं.

## ८. माध्यम

पायाला एमएस किंवा एन६. एन६ हे १९७५ मध्ये भाताच्या परागकोशासाठीच तयार झालेलं माध्यम आहे आणि त्यात अमोनियम कमी असतं. एमएसचे क्षार लिटरला ४.३ ग्रॅम पडतात. पीएच ५.८, अगार ७ ते ८ ग्रॅम, ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना १५ ते २० मिनिटं. ग्लुटामिन आणि झिॲटिनसारखे उष्णतेने बिघडणारे पदार्थ गाळून, माध्यम कोमट झाल्यावर घाला. २,४-डी थेट पाण्यात नीट विरघळत नाही. आधी थोड्या इथेनॉलमध्ये किंवा सौम्य अल्कलीत विरघळवा. बीएपीलाही सौम्य अल्कली लागते.

सुक्रोज किती घालायचं हा खरा निर्णय. पानांसाठी चालणारं २ टक्के सुक्रोज इथे वापरलं तर भिंतीच्या पेशींचं फावतं. परागकोश संवर्धनात ६ टक्के किंवा त्याहून जास्त सुक्रोज वापरतात. दाट द्रावणाच्या परासरण दाबामुळे भिंतीची वाढ मागे पडते आणि लघुबीजाणू तो दाब तुलनेने सहन करतात.

संप्रेरकाच्या बाबतीत एक सापळा फक्त कसाव्याचा म्हणावा असा आहे. कोवळ्या पानांपासून कायिक भ्रूण (साध्या द्विगुणित ऊतीतून येणारे भ्रूण) मिळवण्यासाठी लिटरला १२ मिलिग्रॅम पिक्लोरॅम ही प्रसिद्ध मात्रा आहे. तीच मात्रा परागकोशाला दिली तर भिंतसुद्धा पानासारखीच प्रतिसाद देईल, सुंदर भ्रूण येतील आणि ते सगळे द्विगुणित निघतील. ऑक्सिन कमी ठेवा आणि मात्रांची चढती रांग लावून तुलना करा.

या पायरीवर दोन नियंत्रक गट ठेवाच. एका डिशमध्ये नुसते तंतू. दुसरीत पूर्ण पक्व पराग असलेले, म्हणजे लघुबीजाणूंकडून आता काहीच अपेक्षा नाही असे परागकोश. तुमच्या माध्यमावर या दोन्हींनीही तसाच भरघोस कॅलस दिला, तर ते माध्यम भिंतीला हाक मारतंय. बदला.

## ९. अंधारातले आठवडे

डिश २५ ते २८ अंशांना अंधारात ठेवा. उत्सुकतेपोटी रोज झाकण उघडू नका, बाहेरूनच बघा.

पहिल्या दोन आठवड्यांत दर काही दिवसांनी एक परागकोश खर्च करून लघुबीजाणू रंगवा. नेहमीच्या परागकणात एक मोठं, विसविशीत आणि एक लहान, घट्ट अशी दोन केंद्रकं दिसतात. सारख्या आकाराची दोन केंद्रकं किंवा दोनाहून जास्त केंद्रकं असलेल्या पेशी दिसल्या, तर लघुबीजाणू रस्ता बदलतायत. ही आकडेवारी कॅलसच्या वजनापेक्षा कितीतरी मोलाची आहे, कारण माध्यम आणि ताण सुधारायचा आधार हीच देते.

नंतर कॅलस दिसेल. बाहेरच्या पृष्ठभागावर, विशेषतः तुटल्या जागी आलेला मऊ, पाणीदार कॅलस बहुधा भिंतीचा. परागकोश तडकून आतून वर आलेली वाढ जास्त आशादायक. नजरेचा हा अंदाज वर्गवारीपुरताच वापरा, पुरावा म्हणून कधीच मांडू नका.

## १०. भ्रूणापासून रोप

इथून पुढची वाट कसाव्याच्या कायिक भ्रूणांवर बरीच मळलेली आहे. भ्रूणजनक ऊत लिटरला १ मिलिग्रॅम एनएए असलेल्या, २ टक्के सुक्रोजच्या एमएसवर उजेडात हलवा. हिरवी बीजपत्रं उलगडली की लिटरला ०.४ ते १ मिलिग्रॅम बीएपी असलेल्या एमएसवर. कोंब आला की संप्रेरक नसलेल्या एमएसवर, तिथे कसावा सहज मुळं धरतो.

एका परागकोशातून आलेल्या प्रत्येक भ्रूणाला स्वतंत्र क्रमांक द्या. मुळं धरलेल्या रोपाचे पेर कापून लगेच दोन-तीन प्रती करा. तपासणीला एक, राखीव बाकीच्या.

## ११. उगम सिद्ध करा

गुणसूत्रांची पातळी. फ्लो सायटोमीटरमध्ये मातृझाडाचं कोवळं पान मापदंड म्हणून ठेवा. एकगुणित रोपाचं शिखर त्याच्या निम्म्यावर येतं. कसाव्यातील फिनॉलमुळे शिखरं पसरतात, त्यामुळे बफरमध्ये फिनॉल बांधून ठेवणारं पीव्हीपी घाला. दुसरा मार्ग मुळाच्या टोकात गुणसूत्रं मोजण्याचा: ८-हायड्रॉक्सीक्विनोलीनमध्ये काही तास, मग तीन भाग इथेनॉल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्लात स्थिरीकरण, नंतर रंजन. गुणसूत्रं बारीक असतात, धीर धरावा लागतो. १८ आली तर आनंदाची गोष्ट. पर्णरंध्राचा आकार हा फक्त इशारा.

मार्कर. ३६ गुणसूत्रं आली म्हणून रोप टाकून देऊ नका. एकगुणित पेशी संवर्धनात आपोआपही दुप्पट होतात. इथे कसाव्याची विषमता कामी येते. मातृझाडात दोन वेगळी रूपं दाखवणारे दहा-बारा मार्कर निवडा आणि रोपावर चालवा:

- सगळ्या मार्करवर दोन्ही रूपं: भिंतीतून आलेलं, मातृझाडाची नक्कल.
- सगळ्यांवर एकेकच रूप: लघुबीजाणूतून आलेलं, आपोआप दुप्पट झालेलं.
- काहींवर एक, काहींवर दोन: गुणसूत्रं निम्मी न झालेल्या लघुबीजाणूची शक्यता तपासा. नमुन्यांची सरमिसळ झाली का, तेही बघा.

वेगवेगळ्या लघुबीजाणूंतून आलेली रोपं एकमेकांपासून वेगळी दिसायला हवीत. सगळ्यांचा नमुना हुबेहूब एक आला, तर ती एकाच पेशीची संतती आहे. पाच वेगळे वाण म्हणून मोजू नका.

## १२. दुप्पट करा

एकगुणित रोप फुललं तरी वांझ असतं. शेंडे किंवा पेर कोल्चिसिन अथवा ओरायझॅलिनच्या द्रावणात ठेवून गुणसूत्रं दुप्पट करतात. मात्रा आणि वेळ यांची जोडी लहान चाचणीने ठरवा, कारण जास्त झालं की शेंडा मरतो. कोल्चिसिन विषारी आहे: हातमोजे, मास्क, वेगळा कचरा, आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही.

उपचारानंतरचं रोप अनेकदा मिश्र असतं, काही पेशी १८ च्या तर काही ३६ च्या. दोन-तीन वेळा पेरांवरून नवी रोपं वाढवा आणि प्रत्येक वेळी पुन्हा तपासा.

## १३. बाटलीतून कुंडीत

मुळांवरचं अगार कोमट पाण्याने पूर्ण धुवा, नाहीतर बुरशी येते. निर्जंतुक, पाणी झटकन निचरा होणाऱ्या मिश्रणात लावा आणि पारदर्शक झाकणाखाली दोन-तीन आठवडे ओलसर हवेत ठेवा. झाकण रोज थोडं थोडं उघडत न्या. एकगुणित आणि दुप्पट केलेली रोपं जोमाने कमी असतात. नेहमीच्या रोपांचं वेळापत्रक त्यांना लावू नका.

प्रत्येक रोपाची किमान एक प्रत बाटलीत राहू द्या, कुंडीतलं रोप कितीही धडधाकट दिसलं तरी. आणि बाटलीवरचा क्रमांक दर पुनर्लागवडीला वहीतल्या क्रमांकाशी ताडून बघा.